क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवत सफारी : तयारीपासून परतीपर्यंत

ताडोबा किंवा पेंचमध्ये जिप्सीतून फिरलेला माणूस दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात गेला की त्याला आधी फरक जाणवतो तो हा : इथे सकाळ-दुपारच्या फेऱ्या नाहीत, गाईड घ्यायची सक्ती नाही, आणि गाडी चालवणारे तुम्हीच. भाड्याने घेतलेली साधी कार घेऊन पहाटे कॅम्पच्या फाटकातून बाहेर पडायचं आणि दिवस मावळेपर्यंत मनाला येईल त्या पाणवठ्यावर थांबायचं. कुठे वळायचं, कुठे इंजिन बंद करून तासभर बसायचं, हे सांगणारं कोणी नाही. केनिया-टांझानियातली सफारी बहुतेक वेळा ड्रायव्हर-गाईडसह पॅकेजमध्येच करावी लागते. कुटुंबाने किंवा चार मित्रांनी आपल्या हिशोबाने आफ्रिकेतलं गवताळ रान पाहायचं असेल, तर मी क्रुगरच सुचवेन.

उद्यान केवढं आहे याचा अंदाज आधी घ्या. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे भोवतीचा बफर पट्टा धरूनच्या ताडोब्याच्या दहापटीहून जास्त. दक्षिणोत्तर लांबी साधारण ३६० किलोमीटर. पूर्वेला मोझांबिक, उत्तरेला लिंपोपो नदी आणि पलीकडे झिंबाब्वे. १८९८ मध्ये इथे साबी राखीव क्षेत्र झालं आणि १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान. एवढं मोठं रान नकाशावर पाहिलं की सगळं बघून घ्यायचा मोह होतो. तो आवरा. अंतर कमी ठेवा आणि थांबणं वाढवा. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीवर उभं आहे.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर हा तिकडचा कोरडा हिवाळा. गवत खाली बसतं, झाडांची पानं झडतात, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि जनावरं तिथे येतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने याच काळात जावं. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी या हंगामाच्या सुरुवातीला येते, ही मोठी सोय आहे. मेमध्ये गवत थोडं उंच असतं, पण गर्दी कमी आणि हवा सुखाची. जून-जुलैत पहाट चांगलीच गारठवते. कानटोपी आणि जाड जाकीट हवंच. याच दिवसांत तिकडच्या शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे कॅम्प भरलेले.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर उन्हाची तयारी ठेवा. ऑक्टोबर तापलेला असतो, पण पाऊस सुरू झालेला नसेल तर पाणवठ्यांवर जी वर्दळ दिसते ती एरवी दिसत नाही. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. रान हिरवंगार, इंपाला हरणांची पाडसं, स्थलांतरित पक्षी. पक्षीनिरीक्षकांना हाच काळ आवडतो. सिंह मात्र दहा फुटांवर गवतात बसलेला असला तरी दिसत नाही.

किती दिवस आणि कुठे मुक्काम

उद्यानाच्या आत किमान पाच रात्री ठेवा, सहा-सात मिळाल्या तर उत्तम. मुक्काम आतल्या सरकारी कॅम्पमध्येच करा. बाहेरची लॉज कधी कधी स्वस्त पडतात, पण रोज पहाटे फाटकावरच्या रांगेत वेळ जातो. नोव्हेंबर ते जानेवारीत कॅम्पचं फाटक पहाटे साडेचारला उघडतं आणि उद्यानाचं बाहेरचं फाटक साडेपाचला. आत राहणाऱ्याला तो एक तास मिळतो, आणि तोच दिवसातला सर्वांत मोलाचा तास असतो. जून-जुलैत दोन्ही फाटकं सहाला उघडतात, तेव्हा हा फायदा कमी होतो. तरी रांग वाचतेच.

दक्षिण आणि मध्य भागात प्राण्यांची घनता जास्त. ओलिफंट्स नदीच्या उत्तरेला मोपाने झाडांचं एकसुरी रान लागतं. हत्ती भरपूर, पक्षी भरपूर, बाकी विरळ. पहिल्या खेपेला उत्तर सोडून द्या. माझ्या मते ही आखणी चांगली :

पहिल्या दोन रात्री लोअर साबी. कॅम्प नदीच्या काठावर आहे आणि उपाहारगृहाच्या लाकडी सज्जातूनच पाणघोडे दिसतात. इथून स्कुकुझाकडे जाणारा एच४-१ हा डांबरी रस्ता साबी नदीच्या कडेने जातो. काठावर उंबराच्या जातकुळीतली मोठी झाडं आहेत आणि बिबट्यासाठी हा रस्ता नावाजलेला आहे.

पुढच्या दोन किंवा तीन रात्री सतारा. आजूबाजूला बेसाल्टवर वाढलेलं सकस गवत, त्यामुळे झेब्रा, वाइल्डबीस्ट आणि म्हशींचे कळप, आणि त्यांच्यामागे सिंह. कॅम्पच्या पूर्वेला एस१०० हा कच्चा रस्ता पहाटे पहिला पकडा. रात्री कॅम्पच्या कुंपणाबाहेरून तरस फिरतात. विजेरी घेऊन कुंपणाच्या आतून चक्कर मारली तर दिसतातही.

शेवटची एक किंवा दोन रात्री ओलिफंट्स. कॅम्प उंच कड्यावर आहे आणि खाली नदीचं रुंद पात्र. दुपारी दुर्बीण घेऊन बसलं की हत्तींचे कळप नदी ओलांडताना दिसतात. इथून लेताबा कॅम्प साधारण ३० किलोमीटर. तिथल्या हत्ती संग्रहालयात या रानातल्या नामांकित मोठ्या नरांचे सुळे ठेवले आहेत. मुलं बरोबर असतील तर चुकवू नका. परतीला फालाबोर्वा फाटकातून बाहेर पडता येतं.

लोअर साबी ते सतारा अंतर नव्वदेक किलोमीटर आणि सतारा ते ओलिफंट्स पन्नासेक. कागदावर हे काहीच नाही, पण उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ताशी ४० ची मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षात पंचवीस-तीसच्या वर गेलात तर काही दिसणार नाही. मुक्काम बदलायचा दिवस हा पूर्ण सफारीचा दिवस धरा.

बुकिंग

सगळे सरकारी कॅम्प दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यान संस्थेकडे, म्हणजे सॅनपार्क्सकडे आहेत. बुकिंग त्यांच्याच संकेतस्थळावरून करा. ते साधारण ११ महिने आधी सुरू होतं, आणि लोअर साबी, सतारा, ओलिफंट्स या कॅम्पांमधल्या नदीकडे किंवा कुंपणाकडे तोंड असलेल्या खोल्या लवकर जातात. नाही मिळाल्या तर निराश होऊ नका. लोक बुकिंग रद्द करत असतात, अधूनमधून पाहत राहा. गोल छपराच्या झोपड्यांसारख्या खोल्या, बंगले, तंबू असे प्रकार आहेत. भाड्याकडे पाहताना ‘स्वयंपाकघर आहे का’ हे नक्की बघा.

राहण्याच्या भाड्याशिवाय प्रत्येक माणसामागे रोजचं संवर्धन शुल्क भरावं लागतं, आणि परदेशी पर्यटकांना त्याचा दर बराच जास्त आहे. अंदाजपत्रक करताना लोक हेच विसरतात. या रोजच्या शुल्काऐवजी वर्षभर चालणारं वाइल्ड कार्ड मिळतं. जोडप्याचं आणि कुटुंबाचंही असतं. रोजचं शुल्क गुणिले माणसं गुणिले दिवस असा हिशोब मांडून कार्डाच्या किमतीशी ताडून पाहा.

कागदपत्रं आणि लस

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. नियम आणि अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून तिकीट काढण्याआधी दक्षिण आफ्रिकेच्या उच्चायुक्तालयाचं ताजं पान वाचा. पासपोर्टमध्ये किमान दोन कोरी पानं हवीत. मुलं बरोबर असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला जवळ ठेवा. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही.

मुंबईहून जोहान्सबर्गला जाताना विमान बहुधा आदिस अबाबा, नैरोबी, दुबई किंवा दोहा इथे बदलावं लागतं. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस घेऊनच टाका. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही, पण धोक्याच्या देशातून आलेल्या प्रवाशाकडे तिकडे जाताना आणि भारतात परतताना प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचं पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे. हिवाळ्यात धोका कमी, पावसाळ्यात जास्त. गोळ्या घ्यायच्या का, कोणत्या, हे डॉक्टरच ठरवतील. त्यांना तारखा आणि ठिकाण नीट सांगा. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम तर लागेलच.

गाडी आणि रस्ता

तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि स्टीअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. गाडी घेताना क्रेडिट कार्ड चालकाच्या नावावरचं लागतं. फोर-बाय-फोरची गरज नाही. उद्यानातले रस्ते साध्या गाडीला झेपतात. पण बसायची उंची महत्त्वाची आहे. छोट्या कारमधून गवताच्या वरचं दिसत नाही, त्यामुळे थोडे पैसे घालून उंच एसयूव्ही घ्या. चारापेक्षा जास्त माणसं असतील तर मोठी व्हॅन किंवा दोन गाड्या, कारण सफारीत प्रत्येकाला खिडकी हवी.

जोहान्सबर्ग विमानतळापासून एन४ महामार्गाने मलेलेन फाटक साधारण पाच तासांवर आहे. वाटेत टोलनाके आहेत. विमान दुपारी उतरणार असेल तर त्याच दिवशी निघू नका. अंधारात गाडी चालवायची नाही हा नियम तिकडे पाळायचाच. रात्री विमानतळाजवळ थांबा, सकाळी निघा. फोनवरचा नकाशा कधी कधी नुम्बी फाटकाचा रस्ता सुचवतो. त्या रस्त्यावर २०२२ मध्ये पर्यटकांवर प्राणघातक हल्ला झाला होता. मलेलेन किंवा क्रोकोडाइल ब्रिज ही फाटकं महामार्गापासून जवळ पडतात, तीच धरा. ज्यांना इतकी गाडी चालवायची नाही त्यांच्यासाठी जोहान्सबर्गहून थेट उद्यानातल्या स्कुकुझा विमानतळावर विमानं जातात, आणि गाडी तिथेच भाड्याने मिळते.

सामान आणि जेवण

दुर्बीण प्रत्येकाला एक. हे मी आग्रहाने सांगतो, कारण एकच दुर्बीण चौघांत फिरवताना प्राणी निघून जातो आणि घरात भांडण होतं. ८×४२ मापाची चांगली. कॅमेऱ्याच्या भिंगाला टेकू द्यायला खिडकीवर ठेवता येईल अशी धान्य भरायची रिकामी पिशवी न्या; तिकडे पोहोचल्यावर तांदूळ भरा आणि शेवटी खिचडी करा.

विजेसाठी वेगळा अ‍ॅडॅप्टर शोधत बसू नका. तिकडच्या भिंतीवरचं जुन्या पद्धतीचं सॉकेट म्हणजे आपल्याकडे गीझरला असतं तेच जाड तीन पिनांचं. घरातला जाड पिनेचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला की सगळ्यांचे फोन चार्ज होतात.

शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही, पण कॅम्पच्या उपाहारगृहांवर अवलंबून राहिलात तर तेच ते खावं लागतं. भाजणी, मेतकूट, मसाले, चिवडा, पॅकबंद उपमा-पोहे घेऊन जा. दुधाचे-मांसाचे पदार्थ, ताजी फळं आणि बिया मात्र विमानतळावर अडवतात. भाज्या, ब्रेड, दही, पाण्याचे मोठे कॅन वाटेतल्या गावात सुपरमार्केटमधून भरून घ्या. कॅम्पमध्ये दुकानं आहेत, पण निवड मर्यादित आणि भाव चढे.

स्वयंपाकाची जागा बहुधा व्हरांड्यात असते आणि फ्रिजला कडी किंवा जाळी. ती लावायचीच. माकडं आणि बबून टपलेले असतात, दार उघडं दिसलं की पावाची लादी उचलून छपरावर. त्यांना खायला घालणं गुन्हा आहे, आणि माणसाच्या अन्नाला चटावलेलं माकड शेवटी मारावं लागतं, हे मुलांना आधीच समजावून सांगा.

रानातला दिवस

फाटक उघडायच्या आधी दहा मिनिटं रांगेत उभं राहा. थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर नाश्ता. पहिल्या दोन तासांत जे दिसतं ते दिवसभरात दिसेलच असं नाही. सिंह रात्रभर फिरून परतताना रस्त्याने चालतात, रानकुत्रे शिकारीला निघालेले असतात, तरस आपल्या बिळाकडे येत असतात. साडेनऊ-दहाला एखाद्या सहलीच्या जागेवर उतरा. साबीकाठचं एन्कुहलू आणि सताऱ्याच्या वाटेवरचं त्शोक्वाने या जागा चांगल्या. गॅसवरची मोठी कढई भाड्याने मिळते आणि झाडाखाली गरम पोहे करता येतात. अशा खुणा केलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. लघवीसाठीसुद्धा नाही. खिडकीतून हात-डोकं बाहेर काढायला आणि छतातून उभं राहायलाही बंदी आहे.

दुपारी बाकीचे लोक झोपायला जातात. तेव्हा पाणवठ्यावर जा. लोअर साबी कॅम्पच्या अगदी जवळ सनसेट डॅम नावाचं तळं आहे, रस्त्याला लागूनच. गाडी लावा, इंजिन बंद करा, काच खाली घ्या. पहिली पाच मिनिटं काहीच नाही असं वाटतं. मग काठावरचे ओंडके म्हणजे मगरी आहेत हे कळतं. पाण्यातला खडक श्वास सोडतो आणि तो पाणघोडा निघतो. त्याच्या पाठीवर कासवं ओळीने ऊन खात बसलेली, आणि त्यांच्यातच एक बगळा, पाणघोडा फिरेल तिकडे मासे टिपत. मग पलीकडून इंपाला येतात. पाण्याला तोंड लावायच्या आधी पुढची मादी किती वेळ मगरीकडे पाहत उभी राहते, ते बघा. मागे गाड्या येतात, दोन मिनिटं थांबतात, ‘काही नाही’ म्हणून निघून जातात. बसून राहिलेल्यालाच हे रान दिसतं.

प्राणी शोधायचे कसे

गाईड नसला की ‘कॉल’, म्हणजे शिकारी प्राण्याची चाहूल लागल्यावर बाकीचे प्राणी काढतात ते इशाऱ्याचे आवाज, आपल्यालाच ऐकावे लागतात. सांबर-चितळाच्या जागी इथे इंपाला. तो नाकातून फुर्रकन आवाज काढतो. सगळा कळप एकाच दिशेला तोंड करून खिळला असेल तर तिकडे पाहा. जिराफाची नजर उंचावरून लांब जाते. तीन जिराफ चरणं सोडून एका झुडपाकडे टक लावून असतील तर अर्धा तास थांबणं वाया जाणार नाही. गिधाडं झाडावर बसून खाली पाहत असतील तर शिकारी अजून भक्ष्यावर असण्याची शक्यता मोठी. जमिनीवर उतरून भांडत असतील तर तो बहुतेक निघून गेलेला. बिबट्यासाठी नदीकाठच्या जाड आडव्या फांद्या पाहा, आणि फांदीखाली लोंबणारी शेपटी. चित्त्यासाठी वारुळांचे उंचवटे.

कॅम्पच्या स्वागतकक्षाजवळ नकाशाचा फलक असतो. लोक त्यावर रंगीत चकत्या लावून कुठे काय दिसलं ते नोंदवतात. संध्याकाळी तो बघून सकाळची दिशा ठरवा, पण दुपारच्या चकतीमागे साठ किलोमीटर धावत जाऊ नका. समोरून येणाऱ्या गाडीला हात करून विचारलेलं त्यापेक्षा उपयोगी पडतं.

मोठ्या पाच प्राण्यांची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी पुरी करायच्या नादात पक्षी सुटतात. आपल्या नीलपंखाचा भाऊबंद, जांभळ्या छातीचा, इथे जवळजवळ प्रत्येक कोरड्या फांदीवर भेटतो. आणि सताऱ्याच्या माळावर कोरी बस्टर्ड रुबाबात चालताना दिसला तर गाडी थांबवाच. तो आपल्या माळढोकाच्याच प्रजातीकुळातला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्याची वाट पाहून डोळे शिणले, त्याचा हा आप्त इथे रस्त्याकडेला निवांत किडे टिपतोय हे पाहून पोटात कालवतं.

हत्तीपुढे

सिंहाची भीती सगळ्यांना वाटते. सावध राहायचं असतं ते हत्तीपासून. रस्ता त्याचा आहे हे मानून चाला. कळप रस्ता ओलांडत असेल तर लांबच थांबा आणि आई व पिलू यांच्या मधे गाडी कधीही घालू नका. पहिला हत्ती गेला म्हणून पुढे सरकू नका, शेवटचा झुडपात असतो. एकटा मोठा नर, डोळ्यामागून ओघळ, मागच्या पायांवर सतत लघवीची धार, मान वर करून डुलत चालणं, ही माजाची लक्षणं. असा नर समोरून येत असेल तर त्याने वाट सोडावी अशी अपेक्षा ठेवू नका. इंजिन चालू ठेवा, हॉर्न वाजवू नका, सावकाश मागे घ्या, लागलं तर शंभर-दोनशे मीटर. कान पसरून डोकं झटकणं हा इशारा आहे, तो द्यायची वेळ त्याच्यावर येईल इतकं जवळ जायचंच नाही.

सिंह दिसला की गाड्यांची कोंडी होते. तिथे आपली गाडी आडवी लावून दुसऱ्यांचा रस्ता अडवू नका, आणि बघून झालं की जागा सोडा.

रेंजरबरोबरची फेरी आणि पायी फिरणं

अंधार पडल्यावर स्वतःच्या गाडीने बाहेर राहता येत नाही. फाटक बंद व्हायच्या आत आला नाहीत तर दंड होतो. रात्रीचं रान पाहायचं तर कॅम्पची उघडी गाडी घ्यावी लागते. एक रात्रफेरी जरूर करा. पण पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर पहाटेच्या पायी फेरीवर करा. दोन बंदूकधारी रेंजर, जास्तीत जास्त आठ माणसं, वय १२ ते ६५. प्राणी कमी दिसतात. शेणात गुंतलेले भुंगे, वाळूतला बिबट्याचा ठसा, वाऱ्याची दिशा बघायला रेंजर हातातून सोडतो ती राख, हे गाडीतून कधीच कळत नाही. गेंड्याची ताजी विष्ठा दाखवून तो एकदम हळू बोलायला लागतो तेव्हा आपणही जमिनीवरचेच एक प्राणी होतो.

गेंडा दिसला तर फोटो काढा, पण त्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका आणि फोटोतली स्थळाची नोंद बंद ठेवा. शिंगासाठीच्या चोरट्या शिकारीने इथल्या गेंड्यांची संख्या गेल्या पंधरा वर्षांत भयंकर खाली आणली आहे. बरेच गेंडे बिनशिंगांचे दिसतील; वाचवण्यासाठी उद्यानानेच त्यांची शिंगं कापलेली असतात.

परतताना

फाटकावर मिळालेली परवान्याची चिठ्ठी जपून ठेवा, बाहेर पडताना ती दाखवावी लागते आणि गाडीची डिकीही तपासतात. पिसं, हाडं, काटेरी साळिंदराचे काटे काहीही उचलून आणू नका. ओलिफंट्सहून जोहान्सबर्गला पोहोचायला पूर्ण दिवस धरा. विमान त्याच रात्रीचं असेल तर पहाटेची शेवटची फेरी सोडून द्यावी लागेल, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या दिवशीचं काढा. मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही जितके दिवस सांगितल्या असतील तितके दिवस घ्यायच्या. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर तो व्हायरल समजून अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि आफ्रिकेत जाऊन आल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.